प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरची जागरणे



प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्या वडीलधाऱ्या माणसांची एक तक्रार आमच्या बोरी अरबसारख्या गावात मला वारंवार ऐकू येते. नळी निघालेली असते, लघवीची धार सुधारलेली असते, जेवण जाऊ लागलेले असते. झोप मात्र लागत नाही. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते आणि पहाटे दोन-अडीचनंतर तर डोळा मिटतच नाही. ‘ज्यासाठी एवढा खर्च केला, एवढे सोसले, ते तसेच राहिले,’ असे सांगताना त्यांच्या आवाजात निराशा असते. सोबत आलेली पत्नी किंवा सून त्यांच्याहूनही थकलेली दिसते, कारण प्रत्येक वेळी दिवा लावायला तीही उठलेली असते. मग जाता जाता विचारणा होते, ‘डॉक्टरसाहेब, मामाजींना झोपेची एखादी गोळी लिहून द्या ना.’

आजचा लेख या मागणीविषयी आहे. शस्त्रक्रियेने लघवीच्या वाटेतील अडथळा दूर होतो. रात्रीची झोप मोडण्याची कारणे मात्र अनेक असतात, आणि त्यांपैकी काहींचा प्रोस्टेटशी काहीही संबंध नसतो. म्हणून गोळी मागण्यापूर्वी आपल्याला नेमके कोणते कारण जागे करते, हे शोधले पाहिजे. ते शोधण्याचे साधन महाग नाही. एक वही, एक पेन आणि एक मापाचे भांडे एवढ्यावर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

शस्त्रक्रियेने काय साधते, काय साधत नाही

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते. वय वाढते तशी ती वाढते आणि आतील मार्ग आवळला जातो. ही वाढ बहुतेकांच्या बाबतीत कर्करोगाची नसते. औषधांनी भागेनासे झाले की शस्त्रक्रिया करावी लागते. आज बहुतेक ठिकाणी ती मूत्रमार्गातून दुर्बीण घालून केली जाते आणि ग्रंथीचा आतील अडथळा आणणारा भाग खरवडून किंवा लेझरने काढला जातो.

एके काळी हीच शस्त्रक्रिया पोट उघडून करीत. पीटर फ्रेयर या आयरिश शल्यचिकित्सकाने सुमारे वीस वर्षे हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत काढली होती. परत गेल्यावर लंडनमधील सेंट पीटर्स रुग्णालयात त्याने पोटाच्या मार्गाने वाढलेली ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ केली आणि १९०१ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हाच्या मानाने आजची शस्त्रक्रिया फार सौम्य आहे. पोटावर जखम नाही, टाके नाहीत. पण याच सोयीमुळे एक गैरसमजही होतो. बाहेर काही दिसत नाही म्हणून आतही सर्व भरून आले असावे, असे घरच्यांना वाटते.

प्रत्यक्षात ग्रंथी जिथून खरवडली तिथे आत एक ओली जखम असते आणि दर वेळी लघवी तिच्यावरून वाहते. ती भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर जळजळ होणे, एकाएकी जोराची लघवी लागणे, थोडी थोडी होणे, मधूनच लालसर होणे हे अपेक्षितच असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जखमेवरची खपली सुटते तेव्हा एखादा दिवस लघवी पुन्हा तांबूस होऊ शकते. पाणी पुरेसे प्यायल्यावर आणि विश्रांती घेतल्यावर ती निवळते.

दुसरी गोष्ट मूत्राशयाची. वर्षानुवर्षे अडथळ्याविरुद्ध जोर लावून त्याचा स्नायू जाड आणि चिडखोर झालेला असतो. थोडे मूत्र साठले तरी तो आकुंचन पावू लागतो. अडथळा एका दिवसात निघाला तरी या स्नायूची सवय मोडायला दोन-तीन महिने लागतात, काहींना त्याहून अधिक काळ लागतो. धार सर्वांत आधी सुधारते, दिवसाची घाई त्यानंतर कमी होते आणि रात्रीचे उठणे सर्वांत शेवटी, तेही काहींच्या बाबतीत अंशतःच, कमी होते. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच कानावर पडली तर नंतरची निराशा बरीच टळते.

तिसरी गोष्ट मूत्रपिंडांची. तरुण शरीरात रात्री विशिष्ट संप्रेरक वाढते आणि त्यामुळे लघवी कमी तयार होते. उतारवयात ही व्यवस्था मंदावते आणि दिवसा तयार व्हायची लघवी रात्री तयार होऊ लागते. प्रोस्टेट काढून ही गोष्ट बदलत नाही, कारण ती प्रोस्टेटची नव्हेच.

तीन दिवसांची वही

आता वहीकडे येऊ. सलग तीन दिवस आणि तीन रात्री ही नोंद करावी. नळी निघून दोन-तीन आठवडे झाल्यावर, शरीर जरा स्थिर झाले की ती अधिक उपयोगी पडते. औषधाच्या दुकानात मिलिलिटरच्या खुणा असलेले प्लास्टिकचे भांडे किंवा युरिनल मिळते. नसेल तर खुणा असलेला कोणताही जुना मग या कामासाठी वेगळा काढून ठेवावा.

वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात लघवी किती मिलिलिटर झाली, तिसऱ्यात काय व किती प्यायले (पाणी, चहा, ताक, वरण, सारे काही), आणि चौथ्यात शेरा. रात्री अंथरुणाला पाठ टेकली ती वेळ आणि सकाळी उठलो ती वेळ अधोरेखित करावी. रात्रीच्या प्रत्येक नोंदीपुढे एक गोष्ट आवर्जून लिहावी. लघवी लागल्यामुळे जाग आली, की आधी जाग आली आणि जागे आहोतच म्हणून जाऊन आलो? प्रश्न साधा आहे, पण निदानाची दिशा त्याच्या उत्तरावर ठरते. स्वतःला लिहिणे जमत नसेल तर नातवंडांनी लिहावे. या कामाची लाज वाटण्याचे कारण नाही.

तीन दिवसांनंतर बेरीज करावी. रात्रीच्या हिशेबात झोपल्यानंतरची प्रत्येक लघवी धरावी आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवीही धरावी, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. झोपण्यापूर्वीची शेवटची लघवी मात्र दिवसाच्या हिशेबात जाते.

वहीतून निघणारी तीन चित्रे

पहिले चित्र असे की दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा लघवी थोडी थोडी, शंभर-दीडशे मिलिलिटरच होते. घाई असते, जळजळ असते. येथे मूत्राशय अजून चिडलेले आहे किंवा जंतुसंसर्ग झाला आहे किंवा मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. लघवीची तपासणी, आवश्यक तर कल्चर, आणि लघवी केल्यानंतर आत किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी एवढ्यावर हे कळते. संसर्ग असेल तर त्याचे औषध, नुसता चिडखोरपणा असेल तर वेळ, व्यायाम आणि शल्यचिकित्सकांच्या सल्ल्याने औषध असा मार्ग असतो. झोपण्यापूर्वी एकदा लघवी करून पाच मिनिटांनी पुन्हा जावे. उरलेसुरले निघून जाते.

दुसरे चित्र असे की रात्री प्रत्येक वेळी भरपूर, तीनशे-चारशे मिलिलिटर लघवी होते. पासष्टीच्या पुढील माणसाच्या चोवीस तासांच्या एकूण लघवीपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग रात्री होत असेल, तर मूत्राशय आपले काम नीट करीत आहे. रात्री लघवी तयारच जास्त होत आहे. याची कारणे प्रोस्टेटच्या बाहेर शोधावी लागतात. दिवसभर खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवल्याने पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे निघते. हृदयाची शक्ती कमी झाली असेल तरी असेच होते. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी घोट्यांना सूज येते. लघवी वाढवणारी गोळी सायंकाळी घेतली जात असेल तर तिचा परिणाम रात्रीच दिसणार. रात्रीच्या जेवणात लोणचे, पापड, ठेचा असा खारट माल असेल तर तहान वाढते आणि लघवीही वाढते. जोरात घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास अडकणाऱ्या माणसाच्या हृदयावर त्या वेळी ताण येतो, त्यातून स्रवणारे संप्रेरक मूत्रपिंडांना जास्त लघवी तयार करायला लावते. अशांना वाटते लघवीने जाग आली, पण मूळ दोष श्वासाचा असतो. दिवस-रात्र मिळून लघवी तीन लिटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरत असेल तर रक्तातील साखर तपासल्यावाचून राहू नये.

तिसरे चित्र असे की रात्रीची लघवी फार नाही, दिवसाही त्रास नाही, पण चौथ्या रकान्यात वारंवार ‘आधी जाग आली, मग गेलो’ असे लिहिलेले आहे. येथे दोष झोपेचाच आहे. दुपारची लांब झोप, दिवसभर अंथरुणावर पडून राहणे, गुडघ्याचे किंवा कमरेचे दुखणे, अंगाची खाज, उशिराचा चहा, तंबाखू आणि सर्वांत मोठे म्हणजे मनातली काळजी, ही त्याची कारणे.

पुष्कळदा ही चित्रे एकमेकांत मिसळलेली असतात. तरी वही समोर असली की कोणते कारण मोठे आणि कोणते लहान हे डॉक्टरांना पाच मिनिटांत दिसते. ‘रात्रभर उठतो’ एवढ्या एका वाक्यावरून ते दिसत नाही.

एक उदाहरण

आमच्या भागातील एका शेतकरी गृहस्थांचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय सत्तरीच्या पुढे. कापूस घरात आल्यावर शस्त्रक्रिया उरकून घेतली होती. अडीच महिने झाले तरी रात्री चार वेळा उठणे चालूच होते. कुणीतरी दिलेल्या झोपेच्या गोळ्या ते घेऊ लागले. त्यानंतरच्या पंधरवड्यात न्हाणीच्या उंबऱ्याशी त्यांचा दोनदा तोल गेला आणि दुसऱ्या खेपेला मनगट मुरगळले. हाड मोडले नाही, एवढेच सुदैव.

त्यांच्या सुनेने तीन दिवस वही लिहिली. चोवीस तासांची लघवी सरासरी १९०० मिलिलिटर होती आणि त्यातील १००० मिलिलिटर रात्रीची. म्हणजे निम्म्याहून अधिक. सायंकाळी घोट्यांवर बोट दाबले की खळगा पडत होता. दिवसभर ते ओसरीवर खुर्ची टाकून बसत, कारण ‘ऑपरेशन झालेल्या माणसाने हलू नये’ असा घरात समज होता. रात्री साडेनऊला जेवण आणि त्यासोबत दोन पेले ताक. रक्तदाबाची गोळी सूज आणणाऱ्या गटातली होती.

हृदय आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या करून मोठा दोष नसल्याची खात्री केली. रक्तदाबाची गोळी बदलली. दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायचे, सकाळ-सायंकाळ चालायचे, जेवण सातच्या आत आणि कमी मिठाचे, ताक दुपारी, असा क्रम ठरला. झोपेच्या गोळ्या काहीच दिवस घेतल्या होत्या, म्हणून त्या बंद करणे कठीण गेले नाही. तीन आठवड्यांनी रात्रीचे उठणे चारवरून दोनवर आले, कधी एकवर. ते शून्यावर आले नाही आणि त्या वयात येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण सलग साडेतीन-चार तास झोप मिळू लागली आणि त्यांचा चेहरा बदलला.

झोपेच्या गोळीचा मोह

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या झोप आणतात, हे खरे. पण ज्या माणसाला रात्री उठून मोरीपर्यंत जायचेच आहे, त्याला अर्धवट गुंगीत चालायला लावणे हा मोठा धोका आहे. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर त्यातून उठणे प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेहून कितीतरी अवघड असते. याशिवाय या गोळ्यांनी स्मरण मंदावते, काहींना रात्री भ्रम होतो, श्वास अडकण्याचा विकार असेल तर तो वाढतो आणि काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय लागते. वृद्धांनी शक्यतो टाळावयाच्या औषधांची जी ‘बीअर्स’ यादी १९९१ पासून जगभर वापरली जाते, तिच्यात ही औषधे आहेत ती याच कारणांसाठी.

आणखी एक सूचना सर्दीच्या गोळ्यांविषयी. क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या सर्दी-खाजेच्या औषधांनी झापड येते म्हणून काही जण ती झोपेसाठी घेतात. त्यांनी मूत्राशयाचे आकुंचन मंदावते आणि लघवी अडकू शकते. प्रोस्टेटच्या रुग्णाने दुकानातून सर्दीची गोळी घेतानाही आपली शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे. रात्रीची लघवी कमी करणाऱ्या गोळ्याही असतात. पण उतारवयात त्यांनी रक्तातील सोडियम धोकादायक रीतीने घटू शकते, म्हणून त्या कुणाचे पाहून कधीही घेऊ नयेत. झोप यावी म्हणून मद्याचा आधार घेणारेही आहेत. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि लघवी वाढते.

जे वाचक झोपेच्या गोळ्या अनेक महिन्यांपासून घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून त्या एकाएकी बंद करू नयेत. अचानक बंद केल्याने अस्वस्थता, कंप, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

दिवसाची शिस्त, रात्रीची तयारी

जुनाट निद्रानाशावर औषधांपूर्वी वर्तनोपचार करावेत, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले. त्यातील मुख्य गोष्टी घरीही पाळता येतात.

सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी, रात्र कशीही गेली असली तरी. उठल्यावर अर्धा तास अंगणात कोवळ्या उन्हात बसावे किंवा चालावे. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाहून अधिक नको. खाट केवळ झोपण्यासाठी ठेवावी. जेवण, गप्पा, दूरदर्शन खुर्चीवर. अंथरुणात अंदाजे वीस मिनिटे तळमळ झाली की उठून मंद उजेडात शांत बसावे, नामस्मरण करावे किंवा काही वाचावे, आणि पेंग आली की पुन्हा आडवे व्हावे. घड्याळ खाटेवरून दिसेल असे ठेवू नये. रात्री किती वाजले हे पाहिल्याने झोप येत नाही, चिंता तेवढी वाढते.

पाण्याच्या बाबतीत दोन टोके दिसतात. काही जण उठावे लागेल या भीतीने दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवी दाट होते, जळजळ वाढते, जखमेतील रक्ताच्या गुठळ्या अडकण्याची भीती असते आणि मलावरोधही होतो. काही जण ‘ऑपरेशननंतर भरपूर पाणी प्या’ हा सल्ला रात्री दहापर्यंत पाळतात. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर दिवसभरात साधारण दीड ते दोन लिटर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून अधिक पाणी प्यावे. पण त्याचा बहुतेक भाग सायंकाळी सहापूर्वी पोटात गेला पाहिजे. झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत घोटभर पाण्यावर भागवावे. चहा दुपारी चारनंतर नको.

खर्ऱ्याविषयी वेगळे सांगितलेच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ ज्येष्ठ मंडळी रात्री जेवणानंतर खर्रा तोंडात धरतात आणि जाग आली की पुन्हा चिमूट घेतात. त्यातील तंबाखूचे निकोटीन मेंदूला जागे ठेवते आणि मूत्राशयालाही चाळवते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. पूर्ण सोडणे हेच योग्य; ते साधेपर्यंत निदान सूर्यास्तानंतर खर्रा वर्ज्य करावा.

शौचाला कुंथावे लागू नये म्हणून भाकरीसोबत पालेभाजी, फळे आणि पुरेसे पाणी घ्यावे. पहिले सहा आठवडे जड ओझे, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि खडबडीत रस्त्यावरची दुचाकी टाळावी. हिसक्यांनी आतील जखमेतून रक्तस्राव होऊ शकतो. सपाट रस्त्यावरचे चालणे मात्र हवेच. नळी निघाल्यानंतर, शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली की, लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात ते पाच सेकंद आवळून सैल सोडण्याचा व्यायाम दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहादा करावा. घाई आणि कपडे ओले होणे त्याने कमी होते.

रात्रीच्या वाटेचीही तयारी असावी. अनेक घरांत संडास-मोरी अंगणापलीकडे असते. पहिले दोन महिने खाटेजवळ युरिनल ठेवावे. ते वापरल्याने माणूस परावलंबी होत नाही, पडण्यापासून वाचतो. मंद दिवा रात्रभर असावा, वाटेत पायपुसणे, वायर, चपला नसाव्यात. जाग आल्यावर खाटेच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावे, मगच उभे राहावे, आणि रात्री लघवी बसूनच करावी.

मनातली काळजी

दिवसा माणसे असतात, कामे असतात. न बोललेले विचार रात्री वर येतात. काढलेल्या ग्रंथीचे तुकडे बहुधा तपासणीला पाठवले जातात आणि त्या अहवालाची भीती अनेकांना झोपू देत नाही. घरच्यांना अहवाल कळलेला असतो, पण ‘बाबांना कशाला सांगायचे’ म्हणून कागद कपाटात राहतो. चांगला अहवाल असला तरी तो त्यांना वाचून दाखवत नाहीत आणि ते मनात वाईटच धरून बसतात. अहवाल रुग्णाचा आहे. तो डॉक्टरांकडून त्यालाच समजावून सांगितला जावा.

कपडे ओले होण्याची लाज ही दुसरी काळजी. पहिल्या काही आठवड्यांत थेंब थेंब गळणे पुष्कळांना होते आणि बहुतेकांचे ते थांबते. तिसरी काळजी पती-पत्नीच्या संबंधांची, जी कुणी विचारत नाही. या शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणे सामान्य आहे आणि ते लघवीवाटे निघून जाते. त्याने शक्ती जात नाही, अपायही होत नाही.

कर्करोगामुळे संपूर्ण ग्रंथी काढली असेल तर गोष्ट थोडी वेगळी असते. लघवी गळण्याचा त्रास अधिक महिने राहतो आणि संप्रेरके कमी करणारे उपचार चालू असतील तर रात्री अंगातून उष्णतेच्या लाटा येऊन घामाने जाग येते. त्यावर उपाय आहेत. आपल्या तज्ज्ञांना तसे सांगावे.

‘आता आपले संपले’ असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्यावर ऑक्टोबर १९६३ मध्ये प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच आजारपणात त्यांनी पद सोडले. त्यानंतर ते आणखी २३ वर्षे जगले आणि १९८६ मध्ये वयाच्या ९२व्या वर्षी वारले. फ्रान्सचे अध्यक्ष चार्ल्स द गॉल यांच्यावर एप्रिल १९६४ मध्ये हीच शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले. ही शस्त्रक्रिया माणसाला थोडा काळ थांबवते, त्याचे आयुष्य संपवत नाही. तरीही उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, अन्नावरची वासना गेली, जगणे नकोसे वाटू लागले तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि आपल्या डॉक्टरांनाही सांगावे.

सोबत जागणाऱ्यांसाठी

रुग्णासोबत जागणाऱ्या व्यक्तीची झोप हीही उपचाराचाच भाग आहे. एकाच सुनेने किंवा एकट्या वयस्क पत्नीने महिनाभर रात्री काढल्या तर दुसरा रुग्ण तयार होतो. घरातील माणसांनी रात्री वाटून घ्याव्यात. मुलगा शेतात राबतो म्हणून त्याची पाळी वगळू नये. युरिनल, दिवा आणि हाताशी घंटा किंवा मोबाइल एवढी सोय झाली की पहिल्या दोन आठवड्यांनंतर बहुतेक रुग्णांना प्रत्येक वेळी उठवणारा लागत नाही. मोबाइलवरून १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या मदतक्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. नेहमी स्पष्ट बोलणारे बाबा सायंकाळनंतर अचानक असंबद्ध बोलू लागले, माणसे ओळखेनासे झाले, हवेत हात मारू लागले, तर ‘झोप नाही म्हणून बडबडतात’ असे समजू नये. संसर्ग, अडकलेली लघवी, सोडियम कमी होणे किंवा एखादे औषध यामागे असू शकते आणि त्याच दिवशी तपासणी हवी.

सकाळपर्यंत थांबू नये

पुढील लक्षणे दिसली तर रात्र असली तरी निघावे. लघवीची भावना असून चार-सहा तासांत लघवी न होणे व ओटीपोट फुगून दुखणे. लघवी गडद लाल होणे किंवा गुठळ्या पडणे. थंडी वाजून १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप येणे. अंडकोशाला सूज व वेदना. एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे. धाप लागणे, छातीत दुखणे. अचानक भ्रम होणे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पावसाळ्यात अडाण नदीला पूर आला की दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरची वाहतूक अडते, हे आपण जाणतो. म्हणून त्या दिवसांत शस्त्रक्रिया झालेली असेल तर यवतमाळला जाता आले नाही तर कुठे जायचे, आणि दारव्ह्याला जाता आले नाही तर कुठे, दोन्ही आधी ठरवून ठेवावे. शस्त्रक्रियेचा कागद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि शल्यचिकित्सकांचा दूरध्वनी एका पिशवीत तयार असावा. त्याच पिशवीत ती वहीही ठेवावी.

आपल्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर याच आठवड्यात तीन दिवस निवडा, वही लिहा आणि ती घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. पुढील अंकात ज्येष्ठांच्या मलावरोधाविषयी लिहीन.